बारामती-इंदापूर पाहा, पाण्याच्या वाटेने

बारामतीला बाहेरून येणारा माणूस सहसा काही कामानेच येतो. कुणाचे लग्नकार्य असते, कुणाचा मुलगा इथल्या महाविद्यालयात शिकत असतो, कुणाला शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रातली शेती पाहायची असते, तर कुणाची अष्टविनायकाची गाडी मोरगावला थांबलेली असते. काम उरकल्यावर तो विचारतो, ‘इथे आणखी बघण्यासारखे काय आहे?’ बहुतेक वेळा त्याला ठरलेले उत्तर मिळते : मोरगावचा मयूरेश्वर, आणि थंडीचे दिवस असतील तर भिगवणचे पक्षी. उत्तर खरे आहे, पण त्यात या प्रदेशाचा फार मोठा भाग गाळला जातो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वेरूळ किंवा रायगडासारखे, केवळ त्याच्यासाठी प्रवास करावा असे एकच भव्य ठिकाण नाही. इथला वारसा गावोगाव विखुरलेला आहे. एक गढी, एक वाडा, एक पुष्करणी, एक संगम, एक बुडालेले देऊळ असे तुकडे सुटे पाहिले तर प्रत्येक तुकडा थोडा उणाच वाटतो. ते कुठल्या क्रमाने पाहावेत हे कळले, तर त्यांचीच एक सलग हकीकत होते. हा क्रम नद्यांनी घालून दिलेला आहे, म्हणून हा मुलूख पाण्याच्या वाटेने पाहावा, असे या लेखाचे सांगणे आहे.

आधी नकाशा पाहून घ्या. कऱ्हा पुरंदर तालुक्यात उगम पावते, मोरगावावरून बारामतीत येते आणि पुढे सोनगावाजवळ नीरेला मिळते. नीरा या दोन्ही तालुक्यांची दक्षिणेकडची सीमा आखत पूर्वेकडे जाते आणि नरसिंहपूरला भीमेत विलीन होते. भीमा इंदापूर तालुक्याच्या उत्तर-पूर्व अंगाने वाहते आणि आता तिचा बराचसा भाग उजनी धरणाच्या फुगवट्याखाली आहे. म्हणजे मोरगावाहून कऱ्हेकाठाने निघाले, बारामती करून नीरेकाठाने नरसिंहपूर गाठले आणि तिथून भीमेच्या अंगाने इंदापूर, पळसदेव, भिगवण असे वर आले, की एक पूर्ण फेरी होते. हा सगळा पर्जन्यछायेचा टापू, वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डावा कालवा आला आणि प्रदेशाचे सरळ दोन भाग झाले. कालव्यापासून नीरेपर्यंतचा पट्टा बागायती, उसाचा, आणि कालव्याच्या वरचा सुपे, मोरगाव, शिर्सुफळाकडचा भाग जिरायती, बाजरीचा आणि मेंढरांचा. गाडीच्या खिडकीतून हिरवा रंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढे जरी लक्षपूर्वक पाहिले, तरी इथल्या इतिहासाचा निम्मा धागा हाती येतो.

सुरुवात मोरगावाहून करावी. अष्टविनायक यात्रेचा रिवाजही तसाच आहे, यात्रा इथे सुरू होते आणि इथेच येऊन संपते. गर्दीच्या दिवशी रांगेत उभे राहून दर्शन घेण्याच्या घाईत बहुतेकांचे देवळाकडेच दुर्लक्ष होते. उंच तटबंदी आणि चार कोपऱ्यांवरचे मिनारवजा मनोरे यांमुळे हे मंदिर दुरून एखाद्या गढीसारखे दिसते. दख्खनच्या सुलतानी काळातल्या बांधकामाची वळणे हिंदू देवळांत कशी सहज मुरली, याचा हा चांगला नमुना आहे. समोरचा दगडी नंदी हाही विचार करायला लावणारा आहे, कारण नंदी असतो शंकरापुढे आणि इथे तो बसला आहे गणपतीसमोर. मोरया गोसावींच्या परंपरेमुळे चिंचवडहून भाद्रपदात आणि माघात इथे पालखी येते. मोरगावाहून दक्षिणेला लोणी भापकर हे गाव आहे. तिकडे अष्टविनायकाच्या गाड्या वळत नाहीत, आणि हाच या भागातला सर्वांत मोठा चुकलेला मुक्काम आहे. मल्लिकार्जुनाचे मध्ययुगीन मंदिर, देवकोष्ठांनी सजवलेली पुष्करणी, आणि पाठीवरच्या झुलीत विष्णूच्या लहान लहान प्रतिमा कोरलेला यज्ञवराह हे सारे एकाच गावात आहे. वराह इथे माणसाच्या धडाचा नाही, पूर्ण पशुरूपात आहे. महाराष्ट्रात अशी शिल्पे मोजकीच. पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात मध्ययुगीन माणसाने देवळाइतकीच मेहनत पाणी साठवण्याच्या जागेवर घेतली, ही गोष्ट पुष्करणीच्या काठावर उभे राहिल्यावर वेगळी सांगावी लागत नाही.

मोरगावाच्या ईशान्येला सुपे आहे. पर्यटकांच्या यादीत या गावाचे नाव आलेच तर मयूरेश्वर अभयारण्यामुळे येते. चिंकारा हरणांसाठी राखलेला हा पाचेक चौरस किलोमीटरचा माळ सकाळी लवकर पाहण्यासारखा आहे. पण सुप्याचे खरे मोल इतिहासात आहे. पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे, आणि १६५६मध्ये शिवाजी महाराजांनी सुपे आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून ताब्यात घेतले. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, याच गावच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडून कर्जरोखे आणि खातेवह्या जाळल्या. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदलेल्या उठावाची ही ठिणगी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपल्यावर कोसळले होते, सरकारी सारा वाढला होता, आणि जमिनी एकेक करून रोख्यांपायी सावकारांकडे चालल्या होत्या. उठावानंतर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. आज सुप्याच्या पेठेत हे सांगणारे काही ठसठशीत उभे नाही. तिथे जाऊन पाहायची ती बाजाराची जागा, तिच्याभोवतीची जुनी घरे, शाह मन्सूर यांचा दर्गा, आणि गावाबाहेर पसरलेला कोरडवाहू माळ. पोटाला पुरेल की नाही अशा जमिनीवर कर्ज कसे चढत गेले असेल, हे त्या माळाकडे पाहून समजते.

इथे पहिला आक्षेप येतो. पाहण्यासारखे काही उरलेच नसेल, तर तिथे जायचे कशासाठी? घरी बसून पुस्तकात वाचलेले काय वाईट? आक्षेप अगदीच चुकीचा नाही, आणि केवळ छायाचित्रांसाठी प्रवास करणाऱ्याने सुपे खुशाल वगळावे. पण पुस्तकात वाचताना सुपे, बारामती आणि इंदापूर ही तीन वेगळी नावे राहतात. एकाच प्रवासात त्यांच्यातले अंतर तोडले की बारामतीतला सावकाराचा वाडा, सुप्यातला शेतकऱ्याचा माळ आणि इंदापुरातली सरकारची जमीन मोजणी या एकाच व्यवहाराच्या तीन बाजू होत्या हे उमगते. जागा पाहण्याचा उपयोग पुरावा सापडण्यासाठी होतो, तसाच पुराव्यांमधले नाते कळण्यासाठीही होतो. म्हणून सुप्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ देऊ नका, पण बारामतीत शिरण्याआधी तो तास जरूर द्या.

कारण बारामतीत कऱ्हेकाठी उभा असलेला बाबूजी नाईकांचा वाडा हा एका सावकाराचाच वाडा आहे. नाईक जोशी हे पेशवाईतले मातबर सावकार घराणे. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथांचे जावई, पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई ही त्यांची पत्नी. १७४०मध्ये बाजीराव गेल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे केले होते. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली आणि बाबूजी नाईक पेशवे व्हायचे राहिले. एवढ्या मोठ्या घराण्याचा वाडा भुईकोटासारखा तटबंद असावा यात नवल नाही. पण मराठी वाचकाला बारामती जवळची वाटते ती नाईकांच्या आश्रयाला राहिलेल्या एका कवीमुळे. पन्हाळ्याला १७२९मध्ये जन्मलेले मोरोपंत पराडकर तरुणपणी बारामतीला आले, नाईकांच्या घरी पुराण सांगत राहिले आणि १७९४मध्ये इथेच वारले. ‘केकावली’, ‘आर्याभारत’ आणि शब्दांच्या नाना बंधनांत रचलेली एकशे आठ रामायणे ही त्यांची कामगिरी याच गावात झाली. मोरोपंतांच्याही आधी, शके १६४०मध्ये, श्रीधरस्वामी नाझरेकरांनी ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले तेही बारामतीतच, आणि परंपरा सांगते की ते काशीविश्वेश्वराच्या देवळात. घराघरांत ज्याचा अकरावा अध्याय वाचला जातो, तो ग्रंथ या गावात सिद्ध झाला हे बाहेरगावच्या कितीतरी भाविकांना ठाऊक नसते. वाडा, सिद्धेश्वर मंदिर, काशीविश्वेश्वर मंदिर आणि मोरोपंतांचे स्मारक हा सगळा फेरफटका पायी होतो. तो संध्याकाळी करावा, आणि वाड्यात शिरण्याआधी परवानगी विचारून घ्यावी.

कवीचे गाव पाहायचे म्हणजे काय पाहायचे, ही शंका रास्त आहे. देवळाचा दगड जसा डोळ्यांना दिसतो, तशी कविता दिसत नाही. यावर उपाय एकच, थोडी तयारी करून यायचे. येण्याआधी ‘केकावली’तली चार-सहा कडवी आणि आर्याभारतातली एखादी छोटी कथा वाचा, मोठ्याने वाचा. पंतांची रचना संस्कृतप्रचुर आहे, म्हणून ती सामान्यांची नव्हे, अशी टीका त्यांच्यावर दीडशे वर्षे होत आली आहे. पण कीर्तनकारांनी गावोगाव पोचवली ती हीच आर्या. सावकारी पैशावर उभे राहिलेले विद्वान कवित्व आणि देवळात बसून सोप्या ओवीत लिहिलेली शिवकथा, या दोन वाटा एकाच नदीकाठी, एकाच शतकात नांदल्या. वाडा आणि देऊळ लागोपाठ पाहिले की हा फरक चांगला ध्यानात येतो. मुले बरोबर असतील तर त्यांना स्मारकापुढे उभे करून इतिहास सांगण्यापेक्षा एक आर्या म्हणून दाखवा. वृत्ताचा ठेका त्यांच्या कानात राहील, सनावळी राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी नीरेकाठ धरावा. सोनगावचा कऱ्हा-नीरा संगम आणि तिथले सोनेश्वराचे देऊळ ही शांत जागा आहे, सकाळची वेळ तिला द्यावी. वाटेत कालवा आडवा येतो, तिथे थांबून पाहावे. दुष्काळी मुलखाला पाणी मिळावे म्हणून भाटघरच्या धरणातून आणलेले हे पाणी पुढे उसाकडे वळले, आणि उसाच्या मागोमाग गुऱ्हाळे, मग साखर कारखाने, मग सहकार आले. नीरेलगतच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात माळावर ऊसशेती आणि साखर कारखाना उभारला, त्याभोवती वसाहत वाढली, आणि साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता तिथे अवजड यंत्रे बनू लागली. इस्रोच्या अग्निबाणांचे भाग या गावात तयार होतात. कारखान्याच्या आत सहज जाता येत नाही, तो हट्ट धरू नये. पण वसाहतीचे आखीव रस्ते, झाडी आणि जैन मंदिर बाहेरून पाहता येते. कारखाना हा कसला वारसा, असे कुणी म्हणेल. वारसा म्हणजे फक्त तीनशे वर्षांपूर्वीचे, ही समजूत सोडायला हवी. शंभर वर्षांपूर्वीच्या माळावर कामगारांचे आख्खे गाव कसे वसवले गेले, हा या मुलखाच्या घडणीचा तितकाच महत्त्वाचा पुरावा आहे. सुप्याचा जिरायती माळ पाहून आलेल्याला तर कालव्याच्या पाण्याने काय घडले आणि कुणासाठी घडले हे इथे आपोआप दिसते. पाणी पोचले तिथे कारखाने आले आणि जिथे पोचले नाही तिथून माणसे ऊसतोडीला, शहराला गेली, ही बाजूही विसरू नये.

नीरा जिथे संपते तिथे, पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला, नीरा नरसिंहपूर आहे. लक्ष्मीनरसिंह हे महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांचे कुलदैवत, आणि मूर्ती वाळूची आहे अशी श्रद्धा आहे. देवळाचे आजचे काम पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी केलेले. नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, तटबंदी आणि दोन नद्यांचा संगम पाहिला की हे स्थान क्षेत्र म्हणून का मानले गेले ते पटते. नरसिंह जयंतीला, म्हणजे वैशाख शुद्ध चतुर्दशीला, मोठी यात्रा असते. देवळाची रचना निवांत पाहायची असेल तर ते दिवस टाळा, आणि यात्रा पाहायची असेल तर मुक्कामाची सोय आधी करून मगच निघा. पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडले की संगमाचा घाट पाण्याखाली जातो. अशा वेळी घाटावर उतरू नये.

नरसिंहपुराहून इंदापूर तासाभराच्या आत येते. शहराला पुणे-सोलापूर महामार्ग चाटून जातो, पण गाड्या क्वचितच आत वळतात. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते. त्यांची गढी आणि तिच्या सान्निध्यातला चांदशाहवली यांचा दर्गा ही शहरातली पहिली पाहण्याची ठिकाणे, आणि तिसरे ग्रामदैवत इंद्रेश्वराचे मंदिर. मात्र इंदापूरची जी गोष्ट साऱ्या महाराष्ट्राच्या शेतीत रुजली, तिचे स्मारक कुठेच नाही. इंग्रजी राज्याच्या सुरुवातीला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने या भागात लावलेला सारा इतका जड झाला की शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. म्हणून १८३५-३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी केली, जमिनीचा पोत, खोली आणि दोष पाहून प्रतवारी ठरवली आणि तीस वर्षांसाठी सारा कमी करून बांधून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आजही गावाच्या नकाशावर जे सर्व्हे नंबर आपण वाचतो, त्यांची मुळे या मोजणीपर्यंत जातात. तीस वर्षांची मुदत संपल्यावर, १८६७च्या सुमारास, सारा पुन्हा वाढवला गेला, आणि आठ वर्षांनी सुप्याला रोखे जळाले. इंदापूर आणि सुपे एकाच प्रवासात का पाहावेत, याचे उत्तर या दोन सनांत आहे.

इंदापूर सोडून महामार्गाने पुण्याकडे निघाले की पळसदेव आणि मग भिगवण लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचे काम १९८०मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी साठ्याच्या या जलाशयाने भीमेकाठची कितीतरी गावे गिळली. जुने पळसदेव त्यांपैकी एक. गाव वर सरकले, नवे देऊळही झाले, पण पळसनाथाचे मध्ययुगीन मंदिर पाण्यात राहिले. पाणी खूप उतरलेल्या उन्हाळ्यात ते शिखरासकट उघडे पडते, सोबत वीरगळ आणि सतीशिळाही दिसतात. वर्तमानपत्रांत ही बातमी नेहमी चमत्कारासारखी येते. पण मंदिर दिसते याचा अर्थ धरण तळाला गेले आहे आणि खालच्या अंगाला पाण्याची ओरड सुरू आहे. ते पाहायला जाताना हे भान असावे. जाणे स्थानिक होडीनेच, पाणी पूर्ण हटले असेल तर गाळ वाळला आहे याची गावात चौकशी करून मगच. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ भागात याच फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी, पट्टकादंब, चित्रबलाक आणि इतर अनेक जातींचे पाणपक्षी जमतात. हे निसर्गदर्शन झाले, त्याचा वारशाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध असा की धरण नसते तर हे उथळ पाणी आणि त्यातले पक्षी इथे नसते, आणि ज्यांची होडी तुम्ही भाड्याने घेता त्या मच्छीमारांचा रोजगारही असा नसता. विस्थापन, मासेमारी आणि पक्षी ही एकाच पाण्याची देणी आहेत. नावाड्याला पक्ष्यांची नावे विचारा, तशी जुन्या गावांचीही विचारा.

आतापर्यंतची ठिकाणे वर्षभर जागेवर असतात. या प्रदेशाचा दुसरा वारसा चालणारा आहे आणि तो तिथीप्रमाणे येतो. तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा, ज्याची परंपरा १६८५पासून सांगितली जाते, उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा दोन्ही तालुके ओलांडून जातो. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीत अश्वांचे गोल रिंगण होते, इंदापुरातही होते, आणि सराटीला पादुकांना नीरास्नान घालून सोहळा सोलापूर जिल्ह्यात शिरतो. मेंढ्यांचे रिंगण ही शोभेची गोष्ट समजू नये. जिरायती भागातल्या मेंढपाळांचे वारीतले मानाचे स्थान त्यातून दिसते. या मेंढपाळ धनगर समाजाचे बाबीर हे दैवत इंदापूर तालुक्यातल्या रुई गावी आहे, तिथे दिवाळीत मोठी यात्रा भरते आणि गजीनृत्य होते. मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर ओझे वाहणारी भीमथडीची तट्टे ही आता स्वतंत्र अश्वजात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहेत. वारीचे दिवस निवडलेत तर गाडी नेऊ नका, कारण रस्ते बंद असतात. एखादा टप्पा चालत जा, दिंडीच्या रांगेत मध्ये शिरू नका, आणि अभंग चालू असताना कुणाच्या तोंडापुढे मोबाईल धरू नका.

शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप देखभालीचा. बऱ्याच ठिकाणी माहितीफलक नाहीत, शिल्पांना शेंदूर आणि रंग फासलेले असतात, जुन्या भिंतींवर झुडपे वाढलेली असतात. आधी जागा नीट करा आणि मग लोकांना बोलवा, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे. गर्दी आली की कचरा येतो आणि मोबाईलवरच्या रील्ससाठी देवळाच्या शिखरावर चढणारेही येतात. तरी जाण्याच्या बाजूने एक व्यावहारिक कारण आहे. ज्या जागेची कुणी चौकशी करत नाही, तिच्या दुरुस्तीचा प्रस्तावही कुणी मांडत नाही, आणि गावातल्या मुलांनाही ती जागा अडगळ वाटू लागते. चार माणसे विचारत आली की ग्रामपंचायतीला आणि शाळेला त्या जागेची किंमत कळते. म्हणून या, पण थोडक्या संख्येने आणि नीट वागून या. शिल्पांवर तेल, दूध, खडू काही लावू नका. वीरगळीवर बसू नका, सुटा दगड उचलून आणू नका. गाभाऱ्यात छायाचित्र काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि पक्ष्यांचा थवा उडवून दाखवण्याचा आग्रह नावाड्याला करू नका. मुक्काम आणि जेवण गावातच करा. पळशीवाडीसारख्या ठिकाणी शेतघरात राहता येते, कुंभारगावात घरगुती सोय होते. बागायती भागात गूळ घ्या, निमगाव केतकीत नागवेलीचे पान खा, जिरायतीत बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी मागा, आणि चालत असेल तर भिगवणला उजनीचे मासे.

आता आखणीचे थोडे. पुण्याहून बारामती सुमारे शंभर किलोमीटर, बारामतीहून इंदापूर सुमारे पन्नास. पूर्ण फेरीला दोन मुक्काम हवेत, पहिला बारामतीत आणि दुसरा भिगवणच्या बाजूला, म्हणजे तिसऱ्या दिवशी पहाटे पक्षी पाहता येतात. एकाच खेपेत सगळे मिळणार नाही, ऋतू निवडावा लागतो. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च, पालखीसाठी जून-जुलै, पळसनाथासाठी कडक उन्हाळ्याची अखेर, तीही धरणाची पातळी विचारून. वाडा, देवळे आणि लोणी भापकर यांना हिवाळाच बरा. नावांचा घोळ टाळा : सुपे बारामतीतले, पारनेर तालुक्यातले सुपा वेगळे. लोणी भापकर वेगळे आणि पुण्याजवळचे लोणी काळभोर वेगळे. नरसिंहपूर नीरेकाठचे हवे, सांगलीकडचे कोळे नरसिंहपूर नव्हे. मोबाईलचा नकाशा या तिन्ही ठिकाणी चुकवू शकतो, म्हणून गावाच्या नावापुढे तालुका टाकूनच शोधा.

एकच दिवस हाती असेल तर सगळे उरकण्याच्या मागे लागू नका. सकाळी मोरगाव, मग तासभर सुपे, दुपारी लोणी भापकर आणि संध्याकाळी बारामतीतला वाडा व कऱ्हाकाठ, एवढेच करा. नीरा आणि भीमा पुढच्या खेपेला ठेवा. या अर्ध्या वाटेतही पुष्करणी, कोरडवाहू माळ, सावकाराचा वाडा आणि नदीकाठचे कवित्व हे चार दुवे सापडतात, आणि चार दुवे जुळवून पाहिलेला प्रवासी चौदा ठिकाणी उतरून आलेल्यापेक्षा हा मुलूख जास्त समजून घेऊन परततो.